दाराचा सिनेमा

डिसेंबर लागला की लोक माझ्या अंगावर ओरडायला लागतात. बँकेतला शिपाई ओरडतो, बसचा कंडक्टर ओरडतो. एका दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनवरची बाई तर दरवर्षी न चुकता दोन्ही मुठी हवेत आपटत, तोंड वेडंवाकडं करून म्हणते, "आई, दार उघड ना! मी आलेय!" आणि मग मी हसेन म्हणून वाट बघते. मी तिच्यापुढे कवळीचा डबा ठेवते आणि पावतीवर सही मागते.

पस्तीसेक वर्षांपूर्वी, सात वर्षांची असताना, मी एका सिनेमात काम केलं. आयुष्यात एकाच. त्यात मी छोटी नावाची अनाथ मुलगी आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी छोटी बर्फातून चालत काकाच्या घरी येते आणि दार ठोठावते. काका घर सोडून कधीच निघून गेलेला असतो. संहितेतलं वाक्य होतं, "काका, दार उघडा ना." मी "आई" म्हटलं. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं, आणि मेलेल्या आईला हाका मारणारी पोर बघून घराघरांत लोक रडले. अजून रडतात. तो दर नाताळला संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर लागतो. सिनेमाचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, सगळे त्याला दाराचा सिनेमा म्हणतात.

लोक मला थांबवून त्यांच्या लहानपणाबद्दल सांगतात. एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली सहा भावंडं, आरामखुर्चीत आजोबा, सगळ्यांना एकाच वेळी झालेली सर्दी. "तुमच्यामुळे आमचा नाताळ झाला हो," म्हणतात. माझा कसा झाला ते कुणी विचारत नाही. ते एक बरंच आहे.

त्या दिवसाचं मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगते. स्टुडिओत मिठाचा बर्फ पसरला होता. आठ टेक झाले आणि मला रडू येईना. दिव्यांनी घाम येत होता, डोळ्यांत मीठ जाऊन चुरचुरत होतं, पण रडू म्हणून येईना. कॅमेऱ्यामागे एक दुसरी मुलगी माझ्यासारखाच फाटका कोट घालून खुर्चीत बसवली होती. मग दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. त्याच्या तोंडाला खोकल्याच्या गोळीचा वास होता. तो हळूच म्हणाला, "तुझी आई गेली. तिला तू नको आहेस. आता तू आमच्याकडेच राहायचं." मी विचारलं, "कुठे गेली?" त्याने सेटवरच्या दाराकडे बोट केलं. "आत्ताच त्या दारातून गेली. हाक मारून बघ, थांबली तर थांबली."

मी धावले. त्यानंतरचं सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलंय.

"कट" झाल्यावर थोड्या वेळाने आई आली. तिने मला उचललं, नाक पुसलं आणि म्हणाली, "अगं वेडाबाई, मी चहा प्यायला गेले होते कँटीनमध्ये." तो चहा मी पस्तीस वर्षं खरा धरून चालले. दिग्दर्शकाने लबाडी केली, आई बिचारी चहा पीत होती. दहाव्या वर्षापर्यंत मी अंथरूण ओलं करायचे. आई चादर पिळता पिळता म्हणायची, "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" तरी माझा राग तिच्यावर कधी गेला नाही. एका माणसावर जाऊन बसला होता तो तिथेच बसला.

मोठी होऊन मी कवळ्या बनवायला शिकले. आमच्या लॅबमध्ये तिघं आहोत: मालक, एक पॉलिशवाला आणि मी. मी मेणात दात लावते. या कामात कुणाला रडून दाखवावं लागत नाही आणि गिऱ्हाईक समोर येत नाही, फक्त त्याच्या हिरड्यांचा प्लास्टरमधला साचा येतो. मला हे काम आवडतं. आईला ते कमीपणाचं वाटतं. तिच्या बैठकीच्या खोलीत मिठाच्या बर्फातला माझा फोटो अजून आहे, दारावर मुठी आपटतानाचा, आणि नवा माणूस घरात आला की त्याला पाणी मिळायच्या आधी तो फोटो दाखवला जातो.

गेल्या वर्षी टीव्हीवाल्यांचा फोन आला. सिनेमाला पस्तीस वर्षं झाली, नाताळला विशेष कार्यक्रम करायचाय, दिग्दर्शक येणार आहेत, छोटी हवीच. याआधी तीनदा मी नाही म्हटलं होतं. या वेळी त्यांनी आधी आईला गाठलं होतं.

"मी बहात्तर वर्षांची आहे," आई फोनवर म्हणाली. "आणखी किती नाताळ बघणार मी? एकदा चल. माझ्यासाठी चल."

"तुझ्यासाठीच गेले होते तेव्हाही."

"तेच उकरत बस तू. मी कोट शिवायला टाकलाय."

मी हो म्हटलं, पण आईसाठी म्हटलं नाही. मला तो माणूस म्हातारा झालेला बघायचा होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठी टेकत, नाक पुसायला कुणी लागत असेल तर फारच उत्तम.

तसा तो निघालाच. दोन जणांनी धरून त्याला सोफ्यावर आणून बसवलं. पण बसला आणि दिवे लागले तसा टवटवीत झाला. निवेदिका तरुण होती. ती म्हणाली की हा सिनेमा म्हणजेच तिचं लहानपण, आणि तिने सुरुवातीलाच डोळे टिपून घेतले. समोर शंभरेक प्रेक्षक होते. पहिल्या रांगेत मधोमध आई, नव्या निळ्या कोटात, पाठ ताठ.

निवेदिकेने मला काहीबाही विचारलं. थंडी वाजत होती का, बर्फ खरा होता का. मी उत्तरं दिली, एकदोनदा हसलेही. मग ती दिग्दर्शकाकडे वळली. "सर, तो दाराचा प्रसंग! सात वर्षांच्या मुलीकडून एवढं खरं काम तुम्ही कसं काढून घेतलंत?"

"अहो, त्या दाराची तर गंमतच आहे," तो म्हणाला. बऱ्याच वेळा सांगून घोटलेला किस्सा असावा. "दाराला कडीच नव्हती! प्लायवूडचं हलकं दार. हिने दोन बुक्के मारले की उघडायचं. पलीकडे चहाचे कप, वायरी, सगळं दिसायचं. आठ टेक असे गेले. शेवटी मी हिच्या आईला म्हटलं, ताई, तुम्हीच मागे उभ्या राहा आणि घट्ट धरून ठेवा. आणि या माउलीने धरलं बरं का! दोन्ही हातांनी! पोरगी इकडून आई आई करतेय, आणि आई पलीकडून दार लावून उभी!"

लोक हसले. मोठ्याने, मनापासून हसले आणि टाळ्या वाजवल्या. कॅमेरा आईवर गेला. आई हसत होती. लाजल्यासारखी मान खाली घालून, पदक मिळाल्यावर माणूस हसतो तशी.

मी तिला तिथूनच विचारलं, "तू आत होतीस?"

"अगं, मीच होते," आई म्हणाली. तिच्याकडे माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग चहा?"

"काय?"

"तू चहा प्यायला गेली होतीस."

निवेदिकेला वाटलं काहीतरी गोड चाललंय. ती म्हणाली, "किती हृद्य क्षण आहे हा..."

"थांबा," मी म्हटलं. "सर, तुम्ही अर्धीच गंमत सांगितलीत. उरलेली मी सांगते." मी प्रेक्षकांकडे वळले. " यांनी मला सांगितलं की तुझी आई तुला टाकून गेली, तिला तू नको आहेस. सात वर्षांच्या मुलीला सांगितलं. म्हणून मी आई म्हटलं. तुम्ही दर नाताळला जे बघता ना, तो अभिनय नाहीये."

दिग्दर्शकाने हात झटकला. "मुलं विसरतात हो. अर्ध्या तासात खाऊ खात होतीस तू."

"तीन वर्षं मी अंथरुणात मुतत होते."

आता कुणी हसलं नाही. निवेदिकेच्या कानात कुणीतरी बोलत असावं, कारण तिचे डोळे एका बाजूला गेले. म्हातारा माझ्याकडे झुकला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "पण शॉट बघ ना कसला झालाय." दिवे मंद झाले. मी कॉलरचा माइक उपटला, सोफ्यावर टाकला आणि उठले.

आई मागोमाग आली. पाहुण्यांसाठी एक मेकअपची खोली दिली होती. चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे निळा कोट. तिने आत येऊन आपल्यामागे दार लोटलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "सगळ्यांसमोर अब्रू काढलीस माझी."

"तुझी?"

"मुतण्याच्या गोष्टी सांगतात का असल्या ठिकाणी?"

"तू ऐकत होतीस," मी म्हटलं. "दाराला कान लावायचीही गरज नव्हती. प्लायवूड होतं. मी तुला हाका मारत होते, आणि तू पलीकडे दोन बोटांच्या अंतरावर उभी होतीस."

"मग काय करणार होते? उघडणार होते?"

"हो!"

"आणि दुसरी मुलगी उभी केली असती त्यांनी. कोट घालून बसलीच होती ती. तिची आई माझ्याकडे बघत होती, अशी. महिनाभर पहाटे उठवून तुला घेऊन जात होते मी त्या स्टुडिओत. दाराशी येऊन हरायचं?"

"शर्यत होती का ती?"

"तुझ्यासाठी नसेल." आईने पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरला. "माझं तोंड कधी कुणी बघितलं? शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यात जन्म गेला माझा. त्या एका दिवशी शंभर माणसं माझ्या मुलीकडे बघत होती."

"माझ्याकडे बघत होती ना. मग आता तू का हसत होतीस?"

तिला ते लागलं. तिला लागलं की ती उलटून बोलते. "आणि तू पुढे काय केलंस गं? सगळ्यांना तू माहीत झालीस ते त्या दारामुळे. त्यानंतर काय? मेलेल्या डुकराच्या रंगाच्या हिरड्या बनवत बसलीस. लोकांचे दात!"

"चहाचं खोटं का बोललीस?"

आईने हातातल्या रुमालाची घडी घालायला घेतली.

"एवढंच सांग. दार धरलंस ते धरलंस. नंतर का नाही सांगितलंस? दर रात्री माझी चादर बदलताना का नाही सांगितलंस की मी तिथेच होते?"

"सांगून काय झालं असतं?" आई म्हणाली. "जे झालं होतं ते झालं होतं."

मी माझी बॅग उचलली आणि तिला तिथेच सोडून निघाले. गाडी टीव्हीवाल्यांनी दोघींसाठी मिळून दिली होती. ती मी घेतली. आई घरी कशी गेली मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही.

मला एक लेक आहे, सात वर्षांचीच. शाळा सुटल्यावर ती आजीकडे जायची आणि संध्याकाळी लॅबमधून येताना मी तिला घ्यायचे. चार वर्षं हा क्रम होता. दुसऱ्या दिवशी तिच्या केसांचा गुंता सोडवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी तुला कधी घाबरवते का?"

"नाही," लेक म्हणाली. मग कंगवा अडकला म्हणून ओरडली, आणि मग म्हणाली, "फक्त दुधाचं सांगते."

"काय दुधाचं?"

"दूध संपवलं नाही तर तू मला न्यायला येणार नाहीस म्हणते. पण मला माहितीये, तू येतेस. मी खिडकीतून बघत बसते ना तू दिसेपर्यंत."

मी तिचे केस बांधून पूर्ण केले. रिबनसुद्धा लावली. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि टॉवेलमध्ये तोंड घालून जे काही ओरडायचं ते ओरडले. बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं की उद्यापासून मुलगी आजीकडे जाणार नाही. मी लवकर निघेन किंवा तू निघ, कसंही कर. तो म्हणाला, "थोडं शांत झाल्यावर ठरवू." मी म्हटलं, "मी शांतच आहे." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली.

लेक मात्र ऐकेना. आजी तिची होती; आजीकडे बटणांचा डबा होता, मांजर होती. नाताळला सुद्धा जायचं नाही म्हटल्यावर तिने पाय आपटले, जेवणाचं ताट सरकवलं आणि म्हणाली, "तू वाईट आहेस. आजी म्हणते ते खरंच आहे, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही." सात वर्षांच्या तोंडात ते वाक्य आईचंच होतं, चढउतारांसकट. मी ताट परत तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "असू दे. जेव."

नाताळच्या दिवशी सिनेमाच्या आधी तो कार्यक्रम दाखवला. मी बघणार नव्हते, बघितला. त्यांनी सगळं नीट कापून घेतलं होतं. म्हातारा म्हणतो, आई पलीकडून दार लावून उभी, लोक हसतात, आई लाजते, आणि मग मी हसते. बर्फ खरा होता का, असं विचारल्यावर मी हसले होते ना, तेच हसू तिथे आणून चिकटवलं होतं. एवढ्या सफाईने की मलाच क्षणभर वाटलं, हसले की काय मी.

लॅब उघडल्यावर पॉलिशवाला म्हणाला, "कसलं गोड हसलात ताई. आमच्या घरी सगळे म्हणाले, किती मोठं मन."

मी टीव्हीवाल्यांना फोन लावला. तीन ठिकाणी फिरवल्यावर एक मुलगा फोनवर आला. मी जे घडलं ते सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, नाताळचा कार्यक्रम आहे. लोक मुलाबाळांना घेऊन बघतात."

"मीही मूलच होते," मी म्हटलं.

"हो मॅडम," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझ्या आईचा फार आवडता सिनेमा आहे." मी फोन ठेवला. दोन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आई लॅबमध्ये आली. जेवणाच्या सुट्टीत, न कळवता. निळा कोट नव्हता, रोजचा करडा होता. मालकाने तिला ओळखलं आणि खुर्ची पुसून दिली. "छोटीची आई!" म्हणाला आणि हात जोडले. एरवी आई त्यावर अर्धा तास बोलली असती. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली आणि तो बाहेर जाईपर्यंत थांबली.

"पोरीला का पाठवत नाहीस?"

"तू तिला सांगतेस की मी न्यायला येणार नाही."

"दूध प्यावं म्हणून!" आई खरोखरच चकित झाली. "अगं, सगळेच सांगतात. त्यात काय?"

मी हातातलं मेण खाली ठेवलं. काय बोलायचं ते महिनाभर घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "आई, एक विचारते, खरं सांग," मी म्हटलं. "आज परत तसाच दिवस आला, तीच मी, तेच दार. काय करशील?"

टेबलावर सुकत ठेवलेला एक साचा तिने उचलला आणि परत ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि तिला चांगलं जमायचंही.

"धरीन," ती म्हणाली.

"बरं."

"तुला वाईट वाटेल म्हणून खोटं सांगू का आता?"

"नको. हे बरं केलंस." आणि खरंच, पस्तीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली होती. त्याने राग कमी झाला नाही. फक्त कुठे ठेवायचा ते कळलं. "मग ऐक. पोरगी तुझ्याकडे एकटी येणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. तुला भेटायचं असेल तर रविवारी माझ्या घरी ये. मी समोर असेन. सिनेमाचं नाव काढायचं नाही, आणि तिला एकही खोटं सांगायचं नाही. लहानसंही नाही."

"पहारा ठेवणार माझ्यावर?"

"हो."

"आईवर?"

"हो."

ती उठली. तिने कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. "तुझ्यासारखी दगडाच्या काळजाची मुलगी मी बघितली नाही," ती म्हणाली आणि जिन्याने हळूहळू उतरून गेली. मी मेण परत गरम करायला घेतलं.

चार रविवार ती आली नाही. पाचव्या रविवारी आली, पत्त्यांचा जोड घेऊन. लेक तिच्या गळ्यात पडली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघी खेळायला बसलो. आई लेकीच्या पानांत डोकावून बघत होती, ते मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे तिला.

"आजी, मी जिंकणार का?" लेकीने विचारलं.

आईने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग चिडून, एकेक शब्द चावत म्हणाली, "नाही. तुझी पानं भिकार आहेत."

लेकीला फार हसू आलं. आम्ही दोघी हसलो नाही. "टाक," आई मला म्हणाली, आणि मी पान टाकलं.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. चारला येते, सहाला जाते. आम्ही दोघी एकमेकींशी पत्त्यांपुरतं बोलतो.